सोवळे नको, साबण हवा : मास्कचा फेरवापर आणि आपली विज्ञाननिष्ठा

आमच्या बोरी बुद्रुकच्या शिवारात, कुकडी नदीच्या काठी, मातीच्या थरांमध्ये राखेचा एक थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी या राखेचा आणि तिच्यासोबत सापडलेल्या अश्मयुगीन दगडी हत्यारांचा अभ्यास केला. ही राख इथली नाही. बहुतेक अभ्यासक ती इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानतात. तिचे वय नेमके किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून, समुद्र ओलांडून वाऱ्याने ती आमच्या नदीकाठी आणून टाकली. येताना वाऱ्याने कुणाची वेस पाहिली नाही, गावकूस पाहिले नाही, पांढरी कोणती आणि काळी कोणती हे विचारले नाही.

हवेला शीव नसते, हे आमच्या गावची माती सांगते. तरीही २०२० साली कोरोना आला तेव्हा गावोगावी पहिली आठवण झाली ती शिवेची. रस्त्यावर काटेरी झुडपे टाकली गेली. 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द जणू वाट पाहत बसल्यासारखा लोकांच्या तोंडी आला. शारीरिक अंतर ठेवायचे होते, ठेवले गेले सामाजिक अंतर, आणि त्याचा सराव या देशाला नवा नव्हता. पाठोपाठ मोबाईलवर संदेश फिरू लागले : "बघा, आपल्या पूर्वजांचे सोवळे-ओवळे किती शास्त्रीय होते! शिवू नका, लांबून वाढा, बाहेरून आल्यावर अंघोळ करा. आज जग तेच करते आहे."

आमच्या वस्तीतल्या काही शिकलेल्या पोरांनीसुद्धा हे संदेश पुढे ढकलले, याचे आम्हाला जास्त वाईट वाटले. म्हणून हा लेख. विषय अगदी साधा आहे : वापरलेला मास्क घरी कसा स्वच्छ करायचा, कोणता पुन्हा वापरायचा आणि कोणता वापरायचा नाही. पण या साध्या विषयातच सोवळे आणि विज्ञान यांच्यातला सगळा फरक सापडतो, असे आमचे म्हणणे आहे.

गळ्यातले गाडगे आणि तोंडावरचा मास्क

पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, थुंकी जमिनीवर पडून सवर्ण विटाळू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावर जे न झालेले भाषण छापले, त्यात ही गोष्ट नोंदवली आहे. म्हणजे थुंकीला घाबरणारा समाज इथे आधीपासून होता. फक्त त्याच्या मते थुंकी धोकादायक होती ती एका जातीची. ती व्यक्ती आजारी आहे की धडधाकट, याच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते.

विज्ञान याच्या नेमके उलट सांगते. बोलताना, खोकताना, शिंकताना प्रत्येकाच्या तोंडातून तुषार उडतात, आणि लागण झालेली असेल तर त्यांतून विषाणू बाहेर पडतो. सरपंचाच्या तोंडातून उडतो तसाच सालगड्याच्या तोंडातूनही उडतो. लक्षणे नसलेला माणूसही तो देऊ शकतो, म्हणून मास्क सर्वांनी लावायचा. गाडगे एकाने दुसऱ्याच्या 'शुद्धते'साठी वाहायचे होते. मास्क मी तुझ्यासाठी लावतो आणि तू माझ्यासाठी लावतोस. ज्याला आपण बंधुता म्हणतो, मैत्री म्हणतो, तिची ही रोजची कापडी खूण आहे.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. सोवळ्याच्या हिशेबात विटाळ जन्माने चिकटतो आणि कितीही धुतले तरी निघत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यातले पाणी आपल्या माणसांनी प्यायले, तर ते 'शुद्ध' करायला शेण-गोमूत्राचे पंचगव्य ओतले गेले. पाण्यात कोणता जंतू आहे हे कुणी तपासले नव्हते, पाणी कोण प्यायले एवढेच पाहिले होते. आणि मार्च २०२० मध्ये राजधानी दिल्लीत कोरोनावर उतारा म्हणून गोमूत्राची पार्टी झाली. त्र्याण्णव वर्षांत मडके बदलले, मसाला तोच!

विज्ञानाच्या हिशेबात मात्र घाण ही पृष्ठभागावरची, तात्पुरती आणि धुता येणारी गोष्ट आहे. कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते. भांड्याचा तेलकटपणा साबण ज्या रीतीने सोडवतो, त्याच रीतीने हे आवरण फोडतो, आणि आवरण फुटले की विषाणू निकामी होतो. साबण कुणाच्या हातातला आहे याला महत्त्व नाही. म्हणून जो कुणी सोवळ्याला विज्ञान म्हणतो, त्याला एवढेच विचारावे : तुमच्या सोवळ्यात धुऊन स्वच्छ होणारा माणूस आहे का?

पाचशेचा दंड आणि चार रुपयांचा मास्क

आता पोटाचा हिशेब करू. मार्च २०२१ अखेरच्या राज्य सरकारच्या आदेशानुसार सार्वजनिक ठिकाणी मास्क नसेल तर ५०० रुपये दंड होता. रोजगार हमीची २०२१-२२ ची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. म्हणजे दंड दोन दिवसांच्या मजुरीहून जास्त.

ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली : साधा तीन पदरी मास्क ३ ते ४ रुपये, एन-९५ मास्क १९ ते ४९ रुपये. चांगली गोष्ट झाली. पण ४ रुपयांच्या भावाने घेतला तरी पाच माणसांच्या घरात रोज एक नवा मास्क म्हटले तर महिन्याला ६०० रुपये होतात. कांदा काढायला, टोमॅटो तोडायला, ऊस बांधायला जाणाऱ्या घराने हे ६०० रुपये आणायचे कुठून? आणि खेड्यातल्या दुकानात ४ रुपयांचा मास्क ४ रुपयांनाच मिळतो, असे कुणी समजू नये.

मग लोक काय करतात? तालुक्यातल्या एका रेशन दुकानासमोर आम्ही उभे होतो. मास्कशिवाय आत प्रवेश नाही, अशी पाटी होती. धान्य घेऊन बाहेर आलेल्या बाईने तोंडावरचा निळा मास्क काढला आणि रांगेतल्या पुढच्या बाईला दिला. तिने तो लावला आणि ती आत गेली. असे चौघींनी केले. चौघींत मिळून एक मास्क! नियम पाळला गेला, दंड वाचला, आणि एकीच्या तोंडचे दुसरीच्या तोंडात गेले. आम्ही बोललो तेव्हा त्यातली एक म्हणाली, "दादा, मास्क पोलिसासाठी हाय, आजारासाठी न्हाय."

या वाक्यात त्या माऊलीचे अज्ञान पाहू नका. दंडाची पावती घरापर्यंत पोचली, पण मास्क का लावायचा हे सांगायला घरापर्यंत कुणी पोचले नाही, हा त्याचा अर्थ. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने मास्क जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातला आणि ३० जूनलाच ती मुदत संपली. त्यानंतर मास्क जीवनावश्यक उरला नाही, फक्त दंडावश्यक उरला. जे सरकार रेशनवर गहू-तांदूळ देऊ शकते ते त्याच रेशनवर माणशी दोन कापडी मास्क आणि एक साबणाची वडी देऊ शकत नाही का? गावोगावच्या बचत गटांच्या महिलांनी २०२० साली मास्क शिवले. त्यांच्याकडून खरेदी करून वाटता आले असते. ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे.

पण मागणी मान्य होईपर्यंत श्वास थांबवता येत नाही. म्हणून पुढचे नीट वाचा, आणि वस्तीत वाचून दाखवा.

कापडी मास्क : हाच धुवायचा, हाच पुन्हा वापरायचा

घरी धुऊन पुन्हा पुन्हा वापरण्याजोगा मास्क एकच : कापडी. घट्ट विणीचे सुती कापड, दोन-तीन पदरी. जुने धोतर, सुती साडी, पंचा चालेल, पण कापड विरलेले नको. उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसत असेल तर ते कापड मास्कच्या कामाचे नाही.

माणशी निदान दोन मास्क हवेत, एक तोंडावर आणि एक दोरीवर. घरात प्रत्येकाच्या मास्कला वेगळ्या रंगाच्या धाग्याचा टाका घाला, म्हणजे अदलाबदल होणार नाही.

मास्क काढताना पुढच्या भागाला हात लावायचा नाही, कानामागच्या दोरीला धरून काढायचा. खिशात, उशाखाली, खुंटीवर नाही. सरळ साबणाच्या पाण्यात टाकायचा. मग हात साबणाने वीस सेकंद धुवायचे.

धुण्याच्या रीती केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मार्च २०२० अखेरच्या पुस्तिकेत दिल्या आहेत. पहिली रीत : साबण आणि गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात किमान पाच तास वाळवा. दुसरी, ऊन नसेल तेव्हा : कुकरमध्ये पाण्यात मीठ घालून किमान दहा मिनिटे उकळा; कुकर नसेल तर पातेल्यात पंधरा मिनिटे. तिसरी : साबणाने धुऊन पाच मिनिटांपर्यंत इस्त्री फिरवा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही असाच आहे : दिवसातून एकदा तरी साबणाने धुवा, पाणी शक्यतो ६० अंश सेल्सिअस गरम, म्हणजे हाताला सोसवणार नाही इतके, आणि गरम पाणी नसेल तर साध्या पाण्यात साबणाने धुऊन मग एक मिनिट उकळा.

म्हणजे गरिबाच्या घरात जे आहे, साबण, चूल, पातेले आणि आपल्याकडचे फुकटचे ऊन, तेवढ्यात काम होते. जून-जुलैत ऊन मिळणार नाही, तेव्हा उकळण्याची सवय आतापासून लावा. दमट मास्क लावू नका. त्यातून नीट श्वास घेता येत नाही, मग तो हनुवटीवर येतो आणि असून नसल्यासारखा होतो. कापड विरले, भोक पडले, दोरी सैल झाली की तो मास्क बाद.

हे धुवायचे नाहीत

आमच्या पाहणीत सर्वांत जास्त चुका इथे होतात.

निळा-हिरवा सर्जिकल मास्क एकदाच वापरायचा असतो. तो कापडाचा नसून प्लास्टिकच्या तंतूंचा असतो. साबणाने चोळला की त्याचे पदर सुटतात आणि मधला गाळणीचा पदर निकामी होतो. धुतलेला सर्जिकल मास्क दिसायला मास्क असतो, एवढेच. २०२१ साली दोन मास्क लावायचा सल्ला दिला गेला, सर्जिकल आत आणि कापडी वर. त्यातला कापडी धुवा, सर्जिकल टाकून द्या.

एन-९५ मास्क धुऊ नका, उकळू नका, इस्त्री करू नका, त्यावर सॅनिटायझर मारू नका. कारण समजून घ्या. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हे लहानपणी सर्वांनी केले आहे. एन-९५ च्या मधल्या पदरावर तशीच विद्युतभाराची ओढ असते आणि तीच सूक्ष्म कण पकडते. साबण आणि अल्कोहोल लागले की हा भार उतरतो. मास्क स्वच्छ होतो आणि बिनकामाचा होतो.

मग ४९ रुपयांचा मास्क एका दिवसात फेकायचा का? तुटवड्याच्या काळात अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी एक रीत सांगितली होती : पाच मास्क, पाच कागदी पिशव्या. आज वापरलेला मास्क कागदी पिशवीत ठेवायचा, उद्या दुसरा, आणि पहिल्याची पाळी निदान पाच दिवसांनी. शरीराबाहेर विषाणू हळूहळू मरतो, त्या वेळेचा हा उपयोग आहे. पण प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासात सर्जिकल मास्कच्या बाहेरच्या पदरावर सातव्या दिवशीही थोडा जिवंत विषाणू आढळला होता. म्हणून आम्ही म्हणतो, जमत असेल तर सात पिशव्या करा आणि त्यांवर वारांची नावे लिहा. पिशवी कागदाचीच हवी. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. मास्क ओला झाला, चुरगळला, चेहऱ्यावर घट्ट बसेना, की टाकून द्या. कोरोनाच्या रुग्णाची सेवा करताना वापरलेला मास्क घरात पुन्हा वापरू नका. आणि झडपेचा एन-९५ घेऊ नका. त्या झडपेतून तुमचा श्वास न गाळता बाहेर पडतो. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२० मध्येच त्याबद्दल इशारा दिला होता.

आणखी एक. २०२१ साली कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगायचे खूळ आले होते. त्याने ऑक्सिजन वाढत नाही, आणि कापूर नाकातोंडाशी सतत ठेवणे घातकही ठरू शकते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि मास्कमध्ये कापराची वडी, हे आमच्याच वस्तीत आम्ही पाहिले. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाच्या कलम ५१-क मध्ये आपले कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ते फक्त दुसऱ्याच्या अंधश्रद्धेवर बोट ठेवण्यापुरते नाही.

कोण धुतो, कोण उचलतो

घरातले मास्क कोण धुतो? आम्ही दहा-बारा कार्यकर्त्यांना विचारले. उत्तर एकच : आई, बहीण, बायको. सभेत समतेवर तासभर बोलणारा आपला भाऊ घरी येऊन थुंकीने भिजलेला मास्क बाईच्या पुढ्यात टाकतो. विषाणू असेल तर तो आधी तिच्या हाताला लागणार. आपला मास्क आपण धुवा. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

आणि फेकलेला मास्क कोण उचलतो? पुण्यात कचरा वेचणारे बहुसंख्य हात दलित महिलांचे आहेत. १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत त्या संघटित झाल्या, पुढे 'स्वच्छ' सहकारी संस्थेतून शहराचे दारोदारचे वर्गीकरण त्यांनी अंगावर घेतले. सॅनिटरी पॅड उघडे टाकू नका, कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हे या महिलांना शहराला शिकवावे लागले. आता तीच गत मास्कची आहे.

बेपर्वाईने टाकलेला मास्क कुठे पोचतो, याचे उदाहरण एप्रिल २०२१ मध्ये जळगावला दिसले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका ठिकाणी गाद्यांमध्ये कापसाऐवजी वापरलेले मास्क भरत असल्याचे पोलिसांनी उघडकीस आणले. फेरवापर असाही असतो! ती गादी कोण विकत घेणार होते? सर्वांत स्वस्त गादी जो घेतो तोच.

म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना पाळा : टाकायचा मास्क आधी कात्रीने कापा, म्हणजे कुणी तो पुन्हा विकणार नाही, कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात बांधून ७२ तास बाजूला ठेवा आणि मगच सुक्या कचऱ्यात द्या. रुग्ण असलेल्या घरातला मास्क वेगळ्या पिवळ्या पिशवीत जैववैद्यकीय कचऱ्यात जायला हवा. आमच्यासारख्या गावात घंटागाडी रोज येत नाही. तरी मास्क कुकडीत टाकू नका, उसाच्या बांधावर टाकू नका, चुलीत जाळू नका. ग्रामपंचायतीला झाकणाची स्वतंत्र पेटी ठेवायला लावा, आणि ती उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला हातमोजे मिळालेत का, हेही विचारा.

चिंधीचे मोल जाणणारी परंपरा

काही तरुणांना जुन्या साडीचा मास्क लावायची लाज वाटते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांना आनंद स्थविरांची गोष्ट सांगावीशी वाटते. राजा उदेनाच्या राण्यांनी त्यांना पाचशे चीवरे दिली. एवढ्या चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्या भिक्खूंची चीवरे फाटली आहेत त्यांना वाटू, आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांचे काय? अशी प्रश्नोत्तरे चालत चालत शेवटी पायपुसणे झाले, फडके झाले, आणि फडकेही विरले की ते चिखलात मळून जमीन सारवायला, इथपर्यंत आली. एक धागा वाया गेला नाही. चीवरच मुळात टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, रंगात उकळून करायची रीत होती. आमच्या जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, तिथे असे चीवर पांघरलेली माणसे राहिली. धुतलेल्या चिंधीची लाज वाटण्याचे आपल्याला कारण नाही.

आणि साथीच्या काळात माणसाजवळ कसे जावे, हे याच पुणे जिल्ह्यात सावित्रीमाईंनी दाखवले. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचवले. मूल वाचले, माई १० मार्चला गेल्या. त्याच १८९७ साली इंग्रजांनी साथरोग कायदा केला. कोरोनाच्या काळात त्याच कायद्याच्या आधारे निर्बंध आणि दंड लागू झाले. राज्याला त्या सालातला कायदा आठवला. आपण त्या सालातल्या माई आठवू या. त्यांच्या हाती मास्क नव्हता, आपल्या हाती आहे. तो नीट धुऊन, नीट लावून आजाऱ्याच्या दारात जायचे आहे.

दिवस बुद्धपौर्णिमेचा धरू. विहारात गर्दी करायची नाही. त्या दिवशी प्रत्येक वस्तीतल्या चार तरुणांनी मिळून एवढे करावे : जुने सुती कापड गोळा करावे, धुऊन उकळून मास्क शिवावेत, ज्या घरात चौघांत एक मास्क आहे त्या घरात माणशी दोन पोचवावेत, आणि मास्क पोलिसासाठी नसून शेजाऱ्यासाठी आहे, हे तिथे बसून सांगावे. रेशन दुकानासमोरच्या त्या चार बायांपासून सुरुवात आम्ही करतो आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!